चि. कडूबा आणि

लासूर स्टेशन
शुक्रवार, १९ जानेवारी २०२४

चि. कडूबास आजी दगडाबाईचा आशीर्वाद.

सगळ्यात आधी आला तो मुलीचा मामा, बद्रीनाथ. पाव्हणे अकराला येणार असा निरोप व्हता, आन् हा बाबा साडेनवालाच फटफटी लावून दारात उभा. मी ओट्यावर बसलेली, कोपरापस्तोर हात चिंचेनं बरबटलेले, पुढ्यात कळशी. मला वाटलं मीटरवाला. म्हणलं, मीटर मागल्या भिंतीला हाय, कुत्रं चावत नाय, जाय. तो काहीतरी बोलला, पण तुला माहीत हाय माझे कान. मी परत हातानं दावलं मागं. गेला बापडा. परत आला आन् माह्या कानाशी वाकून वरडला, "मीटर चांगलं हाय मावशी. आता पोराची आजी कुठं हाय ते सांगा." मी त्याच हातानं पदर घेतला डोक्यावर. चिंचेचा डाग अजून गेला नाय.

मंग बाकीचे आले. मुलीचा बाप कारभारी, लई कमी बोलणारा. आई आशाबाई, गोरी, जरा जाड, हसली की डोळे मिटत्यात. आन् एक म्हातारी आत्या, तिला पायऱ्या चढवायला दोघं लागले. मुलगी आली नाय, तशी रीतच नाय. तिचं नाव मी पत्रात लिहीत नाय. ठरंपस्तोर लिहू नाय, दृष्ट लागती.

तुझे आईबाप मेंढरं घेऊन निफाडाकडं उसात. दूधवाल्या सांडूनं फोन लावून दिला तव्हा तुझी आई सखू म्हणली, आत्याबाई तुम्हीच बघा, आम्ही पावसाच्या तोंडावर येऊ. म्हणून सगळं मीच बोलले. पोहे शेजारच्या द्वारकाबाईनं केले, तिनं त्यात साखर जास्त टाकली, पण ते जाऊ दे.

कारभारी येकदाच बोलला. म्हणला, शिकलेलं पोरगं, कंपनीत हाय, मंग नाव कडूबा कसं? मी सांगितलं, ह्याच्या आधीचे दोन गेले. म्हणून ह्याचं नाव कडू ठेवलं, म्हणजे मरणानं तोंडात घेतलं तरी थुंकून टाकावं. आन् टाकलं बी. माझं बी तसंच, माह्या आईचे तीन गेले तव्हा मला दगड म्हणले. दगड चौऱ्याहत्तर वर्साचा झाला. ह्यावर ती म्हातारी आत्या लई हसली, तिचं नाव बी असंच काहीतरी निघालं.

पोरगं काय काम करतं, बद्रीनाथनं विचारलं. मी म्हणलं, उजेडानं लोखंडावर लिहितं. तो म्हणला, उजेडाला शाई कुठली? सगळे हसले. मला राग आला जरासा. मी म्हणलं, दावतेच तुम्हाला. ही कळशी बघितली? माह्या सासूनं पोलीस अॅक्शनच्या पुढल्या वर्साला औरंगाबादच्या गुलमंडीतून घेतली, रस्ते मोकळे झाले तव्हा, आन् टेशनापासून डोक्यावर आणली. ह्या तांब्याच्या कळशीवर माझा नातू नाव घालून देईल आन् ती तुमच्या पोरीच्या हातात जाईल.

तर आता तू असं लिही : चि. कडूबा आणि. पुढं जागा सोड. ठरलं की तिचं नाव घाल. येक विचारायचं राहिलं. द्वारकाबाईच्या सगळ्या ताटांवर 'कै.' लिहिलेलं हाय, कै. पुंजाराम, कै. अमुक. मोठ्या माणसाला लावत असतील. चि. तर मी तुला पत्रात रोजच लावते, तो घरचा झाला. पाव्हण्यांसाठी कै. बरं दिसंल का? तुला ठाऊक, मी अक्षरं साक्षरतेच्या वर्गात येक महिना शिकले आन् बाकीची भांड्यांवरून.

त्यांना घर आवडलं. आता मुलगा बघायला येणार, ११ फेब्रुवारी, रविवार. पांढरा शर्ट घालून ये.

तुझी आजी



चिकलठाणा, छत्रपती संभाजीनगर
२३ जानेवारी २०२४

ती. आजीस कडूबाचा नमस्कार.

तुझं पत्र मी खोलीत मोठ्यानं वाचलं. माझा खोलीतला जोडीदार फकिरा मीटरच्या गोष्टीला इतका हसला की चहा सांडला.

आजी, कै. नको गं. कै. म्हणजे मेलेला माणूस. द्वारकाकाकूंच्या घरातली ताटं लोकांनी तेराव्याला वाटलेली आहेत. मी अजून आहे. मला चि. च राहू दे.

आता नीट ऐक, नाही, नीट वाच. मी जे मशीन चालवतो त्यातून निघणारा उजेड डोळ्याला दिसत नाही. लिहायचं कुठं ते कळावं म्हणून एक लाल ठिपका दिसतो, तेवढाच. खरा उजेड त्याच्याबरोबर जातो आणि जिथं पडतो तिथं धातू त्याला पितो, तापतो, जळतो, आणि अक्षर उमटतं. आम्ही रोज स्टीलच्या कड्यांवर नंबर घालतो, एका कड्याला दोन सेकंद.

पण सगळे धातू सारखे पीत नाहीत. काळं, मळकं भांडं उजेड पितं. चकचकीत भांडं तो परत फेकतं. शाळेत आम्ही आरशानं भिंतीवर कवडसे पाडायचो आणि मास्तरांच्या डोळ्यात मारायचो, आठवतं? तसंच. त्यातही तांबं सगळ्यात वाईट, घासलेलं तांबं म्हणजे आरसाच. म्हणून भांडं पाठवशील तर घासू नकोस. जसं आहे तसं, काळं, पाठव.

दुसरं, कळशी नको. ती उंच आहे, मशीनचं दार लागणार नाही. दार उघडं असलं तर मशीन चालतच नाही, तशी सोय केलेली असते. तांब्या पाठव. तांब्या मावतो.

अकरा तारखेला मी येतो. पांढरा शर्ट धुतलाय.

तुझा कडूबा



लासूर स्टेशन
रविवार, २८ जानेवारी

चि. कडूबास आशीर्वाद.

पत्र पोचलं. पोस्टमन म्हणतो, आजी, पाकिटावर नवीन नाव लिवा शहराचं. मी म्हणलं, मी औरंगाबाद लिहिते आन् पत्र जातंय ना, मंग झालं.

कै. चं वाचून मी तोंडावर हात मारून घेतला. पंधरा दिवसांमागं सांडूच्या बापाच्या वाढदिवसाला मी त्याला पाटीवर खडूनं कै. लिहून दिलं व्हतं. त्यानं ती पाटी दारात लावली व्हती. आता जाऊन पुसून आले. म्हातारा म्हणला, येवढं चांगलं अक्षर का पुसलं.

आता कळशीचं. तांब्याला बुडाशी भोक पडलंय, लाख लावून चालवते मी. असला तांब्या देऊ का नातसुनंला? आन् काळी कळशी मी शहरात पाठवू? तुझ्या कंपनीतली माणसं म्हणतील, ह्याच्या घरात भांडं घासायला बाई नाय. तू मशीनचं सांगतो ते बरोबर असंल. पण भांड्याचं मला जास्त कळतं. मी कालच्याला चिंच आन् मीठ लावलं, आज राख लावली, मंग परत चिंच. आता तिच्यात माझं तोंड दिसतंय, सुरकुत्या मोजून घे. तू रागावशील. रागाव.

सांडूचा दुधाचा टेम्पो मंगळवारी येतोय तिकडं. त्याच्याजवळ देते, गोधडीत गुंडाळून. पुढं चार बोटं जागा सोड. नाव तीन अक्षरी हाय, येवढं सांगते, बाकी नाय.

द्वारकाबाईनं तुझ्यासाठी तिळाचे लाडू दिलेत, ते बी गोधडीत हायेत. फकिराला दे दोन.

आजी



चिकलठाणा
८ फेब्रुवारी २०२४

ती. आजीस साष्टांग नमस्कार वि. वि.

मी कडूबा सांगतोय आणि फकिरा लिहितोय. माझ्या हाताला जरा लागलं आहे, म्हणून अक्षर वेगळं दिसेल. काळजी करण्यासारखं काही नाही.

कळशी मिळाली. लाडूही मिळाले. काम चालू असताना मध्येच लाईट गेली, त्यामुळे नाव पूर्ण झालं नाही. 'आ' पर्यंत आलं आहे. तशीच सांडूकाकांबरोबर परत पाठवतो.

रविवारी मला सुट्टी नाही. पाहुण्यांना सांग, नंतर येतो.

तुझा कडूबा



लासूर स्टेशन
मंगळवार, १३ फेब्रुवारी

चि. कडूबास आशीर्वाद.

फकिराचं अक्षर लई गोल हाय, पोरीसारखं. त्याला म्हणावं, जरा मोठं लिही.

पाव्हणे येऊन गेले. परत बद्रीनाथ आधी, ह्या वेळेला दहाला. आला तो सरळ मागं गेला, मीटर बघून आला आन् म्हणला, मावशी, रीडिंग बरोबर हाय. मी आता त्याला भाऊच म्हणते. तू येत नाय म्हणल्यावर कारभारीचं तोंड उतरलं, पण मी म्हणलं, कंपनीची नोकरी म्हणजे मेंढरासारखी नसती, जव्हा पायजे तव्हा वाडग्यात कोंडली. आशाबाई म्हणली, असू द्या, कामाचं पोरगं हाय म्हणूनच तर. ती मला आवडती. तिनं माह्या पाठीवरून हात फिरवला.

मी कळशी पुढं आणली. काय सांगू तुला, कडूबा, काय अक्षर हाय. काळंभोर, कोरीव, जसं मुंगीनं खाऊन केलेलं. मी नखानं घासून बघितलं, चिंचेनं बघितलं, जात नाय. कारभारीनं बोट फिरवलं तीनदा. बद्रीनाथ म्हणला, उजेडाला शाई असती ब्वा. जिंकले मी.

मंग तोच म्हणला, पण हे 'आ' काय? आमच्या पोरीचं नाव तर 'आ' वरून नाय. दुसरीकडं बी बघायलाय का तुमचा नातू? आशाबाईचे डोळे हसायचे थांबले. मी म्हणलं, अहो, 'आणि' मधला आ हाय तो, लाईट गेली. त्यांना पटलं. मला बी पटलं तव्हा.

पण कडूबा, सांडूनं येक सांगितलं. तो म्हणला, कडूबानं कळशी दोन्ही हातांनी उचलून टेम्पोत ठेवली. हाताला कायच नव्हतं. आन् खोलीत असून काळा चष्मा लावला व्हता. आन् बोलताना सांडूच्या तोंडाकडं बघत नव्हता, कानाकडं बघत व्हता.

लाईट गेली असती तर अक्षर मधीच तुटलं असतं, पण 'आ' चा काना बी नीट हाय. मला वाटतं तू तिथंच थांबला. लाईट नाय थांबली.

काय झालंय ते तुझ्या अक्षरात लिही.

आजी



चिकलठाणा
२० फेब्रुवारी २०२४

ती. आजीस नमस्कार.

ओळी वाकड्या जातील, माफ कर. डॉक्टरांनी लिहायला-वाचायला परवापासून परवानगी दिली.

कामावर असताना उजव्या डोळ्यात उजेड गेला. दुखलं नाही. टच् असा बारीक आवाज आला, जसा चुलीत दाणा फुटतो, आणि मधोमध एक ठिपका दिसायला लागला. आधी पिवळा, मग काळा. मला वाटलं जाईल. दुसऱ्या दिवशी मशीनवरचे आकडे दिसेनात तेव्हा डोळ्याच्या दवाखान्यात गेलो.

डावा डोळा चांगला आहे. त्यानं सगळं दिसतं. उजव्यानं कडेकडेचं दिसतं. म्हणून मी सांडूकाकांच्या कानाकडे बघत होतो, कानाकडे बघितलं की तोंड दिसतं. हळूहळू सवय होईल असं म्हणतात.

मला मशीनवरून काढून पॅकिंगला दिलंय. काम हलकं आहे. तू आईला आणि दादांना फोनवर सांगू नकोस, तिकडे ते मेंढरं सोडून निघतील.

लपवलं म्हणून रागावू नकोस.

कडूबा



लासूर स्टेशन
२६ फेब्रुवारी

कडूबा,

मी तुझं जानेवारीचं पत्र पिठाच्या डब्याखालून काढलं आन् परत वाचलं. तुझी समदी पत्रं मी जपते. त्यात लिहिलंय, चकचकीत भांडं उजेड परत फेकतं. तांबं सगळ्यात वाईट. घासू नकोस. कळशी नको, दार लागणार नाय.

मी चार वेळा वाचलं. बोट ठेवून वाचलं.

कळशीवरूनच आला का तो उजेड? व्हय का नाय, येवढंच लिही. बाकी काय नको.

पाव्हण्यांना येवढ्यात सांगायचं नाय. साखरपुडा होऊ दे. डावा चांगला हाय म्हणतो ना. मंग कोण बघायला बसलंय.

आजी



चिकलठाणा
५ मार्च २०२४

ती. आजीस नमस्कार.

व्हय.

तू एवढंच लिही म्हणालीस. पण एवढ्यावर थांबलो तर तू उरलेलं तुझ्या मनानं लिहिशील, म्हणून मी लिहितो.

कळशी आली तेव्हा मी गोधडी सोडली आणि सगळ्या खोलीवर कवडसा पडला. फकिरा म्हणाला, सोन्याची आहे का. मी तेव्हाच परत पाठवायला पाहिजे होती. नाही पाठवली. मला तुला ते नाव घालून द्यायचं होतं. बद्रीनाथमामांना दाखवायचं होतं. शिफ्ट संपल्यावर साहेबांना विचारून मी ती मशीनवर ठेवली. दार लागेना. दार उघडं असलं की मशीन बंद राहावं म्हणून एक खटका असतो, तो मी चिकटपट्टीनं दाबून ठेवला. ही पट्टी मी लावली आजी, तू नाही. चष्मा असतो आमचा, हिरवा, त्यातून लाल ठिपका नीट दिसत नव्हता. 'आ' ओळीत बसतोय का ते बघायला मी चष्मा कपाळावर ढकलला. एक सेकंद. हेही मीच केलं. कळशी गोल आहे, तिच्यावरून उजेड कुठं जाईल ते कुणालाच सांगता येत नाही.

भांडं घासलेलं होतं हे खरं. पण घासलेलं भांडं कुणाला आंधळं करत नाही. तू साठ वर्षं घासतेस.

डॉक्टरांनी परवा सांगितलं की हा डाग जाणार नाही. उजवा डोळा मिटला की सगळं पूर्वीसारखं. डावा मिटला की ज्याच्याकडे बघतो तेच नाहीसं होतं आणि आजूबाजूचं सगळं दिसतं. तुझ्याकडे बघितलं तर तुझं तोंड जाईल आणि कानातल्या बाळ्या दिसतील, पदर दिसेल, मागची भिंत दिसेल.

आता माझं एक ऐक. पाहुण्यांना सांग. साखरपुड्याच्या आधी सांग. तुझ्या तोंडून सांग, सांडूकाकांच्या नको. मी सांगितलं तर ते दयेनं हो म्हणतील, तू सांगितलं तर ते खरं काय ते बोलतील. मला त्यांच्या पोरीला फसवून आणायचं नाही. कळशीवर 'आ' पर्यंतच राहिलं तरी चालेल मला.

खरंच चालेल का, ते मला माहीत नाही. पण सांग.

तुझा कडूबा



लासूर स्टेशन
शुक्रवार, २९ मार्च

चि. कडूबास आजीचा आशीर्वाद.

पंधरा-वीस दिस पत्र नाय लिहिलं. पाव्हण्यांना बोलावणं धाडायलाच मला येवढे दिस लागले. रोज म्हणायची, होळी होऊ दे. होळी झाली. मंग धुळवड होऊ दे. ती बी झाली. द्वारकाबाईचा नातू येऊन मला निळं करून गेला, पोस्टमनला बी सोडलं नाय, हे पत्र तुला निळं पोचलं तर तो रंग त्याचा. मंग म्हणलं, आता कशाला आडोसा घेऊ.

काल आले. बद्रीनाथ आधी. मी ओट्यावरच बसले व्हते, हात कोरडे. तो फटफटी लावून मागं निघाला मीटर बघायला, आन् मी म्हणलं, भाऊ, आज नको, बस. तो बसला. माणूस हुशार हाय, माह्या तोंडाकडं बघून त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. बाकीचे यायला घंटाभर लागला. तेवढ्यात मी त्याला काय सांगितलं नाय. येकदाच सांगायचं बळ व्हतं, येकट्यावर कशाला खर्च करू.

सगळे बसले. म्हातारी आत्या ह्या वेळेला आली नाय, गुडघे धरलेत म्हणे. मी चहा ठेवला. मंग तुझं पत्र काढलं. तोंडानं सांगायला गेले तर माझ्याकडून काही सुटंल, नायतर मी काही गोड करीन, माझा मला भरवसा नव्हता. म्हणून तुझंच वाचलं. 'व्हय' पासून. बोट ठेवून, अक्षर अक्षर जोडून. 'चिकटपट्टी' ला मी तीनदा अडखळले. लई येळ लागला. कारभारी खाली बघत व्हता. बाळ्या दिसतील, भिंत दिसंल, तिथं आले तव्हा आशाबाईनं पदर तोंडाला लावला.

वाचून झाल्यावर मी म्हणलं, हे पोरानं लिहिलंय. त्यात त्यानं माझं पाप कमी लिहिलंय. त्यानं घासू नको म्हणून आधीच लिहिलं व्हतं, मी घासली. तुम्ही काळी कळशी बघितली असती तर काय म्हणला असता, त्या लाजंनं घासली.

बद्रीनाथ म्हणला, आम्ही काय म्हणणार व्हतो मावशी. काळी असती तर काळी.

येवढं साधं व्हतं बघ ते.

मंग आशाबाईनं विचारलं. हळू विचारलं, मला ऐकू यायला नको व्हतं खरं तर, पण आलं. म्हणली, "आमची पोर त्यांच्या पुढ्यात बसली तर त्यांना दिसंल का?"

मी म्हणलं, "डाव्या अंगाला बसली तर दिसंल. बायको डाव्याच अंगाला बसती."

ती हसली. डोळे मिटून, पहिल्यासारखी. पण मिटल्यावर त्यातून पाणी आलं.

कारभारी उठून ओट्यावर गेला. कळशी तिथंच व्हती. तुझं पत्र आल्यापासून मी तिला हात लावला नाय, ना चिंच ना राख. तांब्याला काय, महिनाभर सोडलं की ते आपलं काळं पडायला लागतं. त्यानं ती फिरवून फिरवून बघितली. मला म्हणला, नाव कुठं गेलं? मी म्हणलं, हाय तिथंच. भांडं बी काळं, अक्षर बी काळं, म्हणून दिसत नाय. बोट फिरवा, लागंल. त्यानं बोट फिरवलं. लागलं असंल.

मी आशाबाईची ओटी भरायला घेतली. तांदूळ, नारळ, खण द्वारकाबाईनं आणून दिलेला, हिरवा. ती म्हणली, राहू द्या आत्ता, परत आल्यावर भरा. मी सूप बाजूला ठेवलं. नारळ गडगडत खाटंखाली गेला, तो काढायला बद्रीनाथ वाकला, येवढं मोठं अंग घेऊन. काढून सुपात ठेवला. चहा सगळ्यांचा तसाच राहिला, साय धरून. मी दुसरा ठेवते म्हणलं तर म्हणले, ऊन वाढायच्या आत निघावं लागंल.

मी काय विचारलं नाय. पायात चपला घालता घालता आशाबाईच म्हणली की पाडव्याला येतो, पोरीला बी विचारतो. बद्रीनाथनं फटफटीला लाथ मारली, ती लागंना, चारदा मारली. मंग माह्या कानाशी येऊन वरडला, "मीटर नीट जपा मावशी." मी म्हणलं, व्हय भाऊ.

माणसं चांगली हायेत, कडूबा. वाईट असती तर मला सोपं गेलं असतं.

तुझ्या आईबापाला काल सांडूच्या फोनवरून सांगितलं. तू नको म्हणला व्हता, पण आता लपवायचं संपलं. तुझ्या बापाच्या बाजूनं मला मेंढरांच्या घंट्याच ऐकू आल्या, त्या तेवढ्या ऐकू येत्यात मला. सखू म्हणली, आम्ही निघतो.

तू पाडव्याआधीच्या रविवारी येऊन जा. चष्मा लावून नको येऊ. माह्या कानाकडं बघितलंस तरी चालंल, बाळ्या घालून बसते.

आता येक विचारते. पाव्हणे परत येणार, आन् कळशी अशी काळी. घासली तर नाव उठून दिसंल, सगळं, 'आ' सुद्धा, आन् त्याच्या पुढची मोकळी चार बोटं बी. नाय घासली तर काहीच दिसणार नाय, भांडं नुसतं भांडं. मला कळंना झालंय. घासू का नको, ते तू लिही. ह्या वेळेला तू म्हणशील तसं करते.

पत्र सोमवारपस्तोर पोचलं तर उत्तर येईल येळेवर. पाडव्याला येतो म्हणले. मंगळवार हाय, नऊ एप्रिल.

तुझी आजी